घरातली प्रयोगशाळा : दूध तापलं की वाय-फाय का रुसतं?

मी तुमचा प्रयोगशाळेतला मामा. मागच्या वेळी आपण लिंबाच्या शाईनं चिठ्ठी लिहिली होती. किती जणांनी चिठ्ठी गरम करताना कागद जाळला, ते विचारत नाही!

आज प्रयोग आहेच, पण त्याआधी एका खटल्याची हकिगत सांगतो. खटला अगदी खराखुरा, माझ्या ताईच्या घरी कल्याणला घडलेला. आरोपी होता माझा सातवीतला भाचा. त्याचं नाव छापलं तर तो मला घरात घेणार नाही, म्हणून आपण त्याला नुसतं ‘गुप्तहेर’ म्हणू. आरोपी आणि गुप्तहेर एकच कसा, ते पुढं कळेल.

ताई संध्याकाळी सात ते आठ दहावीच्या सहा मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते. आतल्या खोलीत लॅपटॉप मांडायचा, दार लावायचं आणि सुरू. मार्चपर्यंत ठीक चाललं होतं. जूनमध्ये नवी तुकडी आली आणि आवाज तुटायला लागला. ताई ‘रामः रामौ रामाः’ म्हणायची आणि पलीकडे पोहोचायचं ‘रा... मौ... माः’. चित्र गोठायचं, मुलं हसायची. एक दिवस एका मुलीच्या आईचा फोन आला, “मॅडम, तुम्ही शिकवता छान, पण अर्धा तास ‘ऐकू येतंय का’ यातच जातो. आम्ही दुसरीकडे बघतो.” सहाचे पाच झाले. दुसऱ्या एका घरूनही तसाच सूर आला. ताईच्या दृष्टीनं तो क्लास म्हणजे नुसते पैसे नव्हते. बारा वर्षं घर सांभाळल्यावर तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं ते काम होतं.

मग घरात न्यायालय भरलं. आरोपी ठरला गुप्तहेर! का? तर तो त्याच वेळी हॉलमध्ये टॅबवर गेम खेळत असतो. दाजी म्हणाले, “हाच सगळं नेट खातो.” आजींनी मान डोलावली. आणि खरं सांगतो, मी तिथं पाहुणा म्हणून गेलो होतो, मीसुद्धा मान डोलावली. टॅब जप्त झाला, कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी आवाज पुन्हा तुटला!

आता मोठ्यांचं एक असतं बघा. आरोप करताना सगळे मिळून करतात. आरोप खोटा ठरला की सगळे मिळून विषय बदलतात. दाजींनी कंपनीला फोन लावला. महिन्याभरातला तो तिसरा. गुप्तहेर मात्र विषय बदलायला तयार नव्हता. त्यानं जुन्या वहीचं कोरं पान काढलं, चार रकाने आखले. वेळ काय, आवाज तुटला का, घरात कोण काय करत होतं, आणि शेवटचा रकाना ‘संशय’. आठ दिवस तो सात ते आठ पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसला.

त्याची वही उघडण्याआधी आपण थोडं हवेत काय चाललंय ते पाहू. म्हणजे मग पुरावे वाचता येतील.

तुमच्या घरातला तो दिवे लुकलुकणारा डबा, म्हणजे राउटर, रेडिओलहरींनी बोलतो. आकाशवाणीचं केंद्र जसं बोलतं तसाच, फक्त आवाज फार बारीक. आणि आजकालचे बहुतेक राउटर एकाच वेळी दोन पट्ट्यांत बोलतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. गिगाहर्ट्झ शब्दाला घाबरू नका. पहिल्यात लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा हेलकावते, दुसऱ्यात ५०० कोटींहून थोडी जास्त वेळा. पुस्तकात याला ‘वारंवारता’ म्हणतात. पहिल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा जराशी कमी. दुसरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे पावणेसहा सेंटिमीटर.

यानं काय फरक पडतो? गणपतीची मिरवणूक आठवा. ती दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात काय ऐकू येतं? नुसता ढोल! धुम्... धुम्... ताशाची तडतड आणि झांजा मिरवणूक दारात आल्यावरच नीट ऐकू येतात. कमी वारंवारतेचा आवाज भिंती ओलांडून, कोपरे वळून येतो. जास्त वारंवारतेचा वाटेतच अडतो. आवाज वेगळा आणि रेडिओलहरी वेगळ्या, पण या बाबतीत दोघांचा स्वभाव सारखा. २.४ म्हणजे आपला ढोल आणि ५ म्हणजे ताशा. मोकळ्या जागेत, सारखीच ताकद आणि त्याच प्रकारचा अँटेना असेल, तर तेवढ्याच अंतरावर ताशाची पकडली जाणारी शक्ती ढोलाच्या जेमतेम पाव भरते. मध्ये भिंती आल्या की आणखी कमी. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंती किंवा जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंती असतील, तर ताशा एका खोलीतच संपतो म्हणा ना.

पण मग ताशा हवाच कशाला?

इथं पुष्कळ जण एक चूक करतात, मोठेसुद्धा. त्यांना वाटतं ५ ची लहर जास्त वेगानं धावते. मुळीच नाही! दोन्ही लहरी सारख्याच वेगानं, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. ५ चा फायदा आहे तो जागेचा. २.४ चा सगळा पट्टा मिळून जागा आहे ८३.५ मेगाहर्ट्झ. आपल्या देशात हा पट्टा विनापरवाना वापरायला २००५ साली मोकळा झाला. ५ च्या आसपासचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला, तो सगळा मिळून ६०५ मेगाहर्ट्झ. म्हणजे सात पटींहून जास्त. एकीकडे जुन्या बाजारातला बोळ आणि दुसरीकडे रुंद रस्ता. रुंद रस्त्यावर एकाच वेळी जास्त सामान नेता येतं, म्हणून तो वेगवान वाटतो.

आणि बोळात गर्दी किती! १९८५ साली अमेरिकेनं हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना विनापरवाना खुला केला, तेव्हा तो जवळजवळ ‘टाकाऊ’ समजला जाई. १९९७ साली वाय-फायचे पहिले नियम ठरले, तेव्हा वेग होता सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगाबिट. पुढं ब्लूटूथ त्याच बोळात आलं. बिनतारी माउस आला, कीबोर्ड आला. आणि या सगळ्यांच्या आधीपासून तिथं एक दांडगट राहत होता, त्याची ओळख लवकरच होईल.

जाता जाता एक सांगू का? आखूड रेडिओलहरी भिंतीपलीकडे पाठवून काम करून घ्यायचा प्रयोग आपल्याकडेच, कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये, १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी लोकांसमोर करून दाखवला होता. लहरी भिंतीतून गेल्या, पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली! तुमचा राउटर त्या मानानं फारच सज्जन. तो फक्त व्हिडिओ दाखवतो.

चला, आता वही.

पहिल्या दिवसाची नोंद : ‘७.१०, आवाज तुटला. आजी किचनमध्ये. बाबा टीव्ही. मी स्टुलावर.’ दुसऱ्या दिवशी ७.१२. तिसऱ्या दिवशी ७.०८, ‘दोन मिनिटं तुटला, मग ठीक’. चौथ्या दिवशी सबंध तासभर आवाज बरा, आणि संशयाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आजी देवळात गेली होती!!’ दोन उद्गारचिन्हं त्याचीच.

मला त्यानं फोन केला. “मामा, आजी सातनंतर रोज दूध गरम करते. मायक्रोवेव्हमध्ये. दोन मिनिटं. आणि बरोब्बर तेव्हाच आवाज जातो.”

शाबास! हाच तो दांडगट. मायक्रोवेव्ह ओव्हनची लहरसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झची असते, म्हणजे ढोलाच्याच बोळातली. ओव्हनच्या आत असते साधारण ८०० वॉट शक्ती. ती आतच राहावी म्हणून पत्र्याची पेटी आणि दाराला ती बारीक भोकांची जाळी असते. तरी अगदी किंचित बाहेर झिरपते. किती किंचित? समजा, दहा हजारांतला एक भाग. ८०० ला दहा हजारांनी भागा : ०.०८ वॉट. आता राउटर किती शक्तीनं बोलतो? तोही साधारण ०.१ वॉटनं! म्हणजे ओव्हनची नुसती कुजबुज राउटरच्या बोलण्याएवढी मोठी. ती माणसाला बाधत नाही. (दार मोडलेला किंवा नीट न लागणारा ओव्हन मात्र वापरू नका, ती वेगळी गोष्ट.) पण लॅपटॉपच्या कानाशी कुणी सतत गुणगुणत राहिलं तर त्याला राउटरचं बोलणं कसं कळणार?

मी खूश झालो. म्हटलं, खटला संपला. पण गुप्तहेर म्हणाला, “मामा, पाचव्या दिवशी दूध तापवलं नव्हतं. तरी तुटला.” आणि मग थोडा थांबून, “त्या दिवशी मी दाजीमामाच्या जुन्या फोनवर गेम उतरवून घेत होतो. मोठी होती. तेही लिहिलंय मी.”

दोस्तांनो, वही मी नंतर पाहिली. खरंच लिहिलं होतं. स्वतःच्याविरुद्धची ती ओळ त्यानं खोडलीही नव्हती. गेम नुसती खेळताना फार थोडा डेटा लागतो, पण नवी गेम उतरवणं किंवा तिची नवी आवृत्ती घेणं म्हणजे बोळातून ट्रक नेणं. एका पट्ट्यात, एका चॅनेलवर, एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीच्यांनी थांबायचं. ट्रक जाईपर्यंत ताईचं संस्कृत रांगेत!

तर गुन्हेगार एक नव्हता, बरेच होते. रविवारी मी कल्याणला गेलो आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

आधी ठरवायचं होतं की दोष घरातला की बाहेरचा. त्यासाठी सोपी युक्ती आहे. संगणकावर ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. तिच्यापुढं राउटरचा पत्ता द्यायचा. तो राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. संगणक हाक मारतो, राउटर ‘ओ’ देतो आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत दिसतं. राउटर घरातच आहे, तेव्हा उत्तर चार-पाच मिलिसेकंदांत यायला हवं. आमच्याकडे आजींना मुद्दाम दूध तापवायला सांगितलं आणि आकडे पाहिले : ५, ६, ११०, ३८०, मग उत्तरच नाही! बाहेरच्या तारेपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. कंपनी बिचारी निर्दोष. दाजी तेवढ्यात उठून बाल्कनीत गेले.

मग मी लॅपटॉपवर वाय-फायची नावं उघडली. घरच्या नावाची दोन नेटवर्कं दिसली, एक नुसतं आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘५जी’. मी विचारलं, “दाजी, हे दुसरं कुणीच का वापरत नाही?” ते म्हणाले, “अरे, आपला ५जीचा प्लॅन नाहीये. उगीच पैसे कापले जातील.”

अहो राम! ही गंमत पुष्कळ घरांत होते, म्हणून नीट वाचा आणि घरात वाचून दाखवा. मोबाइलच्या ‘५जी’मधला जी म्हणजे जनरेशन, पिढी, मोबाइलच्या जाळ्याची पाचवी पिढी. राउटरच्या नावातला ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, आपला ताशा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्याचे वेगळे पैसे नाहीत. बिल तेच, तार तीच. ताईच्या घरात दोन वर्षं रुंद रस्ता रिकामा पडला होता आणि नऊच्या नऊ यंत्रं बोळात धक्काबुक्की करत होती.

नऊ म्हणालो ना, ते राउटरच्या पानावरच्या यादीतून कळलं. त्यात एक नाव कुणालाच ओळखेना. गुप्तहेराचे डोळे चमकले. “शेजारचे चोरून वापरतात!” बरीच धावपळ झाली, आणि शेवटी ते यंत्र सापडलं दाजींच्या कपाटात. त्यांचा जुना फोन, गजर लावण्यापुरता चालू ठेवलेला. हो, तोच, ज्यावर गेम उतरली होती. शेजाऱ्यांकडे जायच्या आधी कपाट उघडलं, हे बरं झालं.

आम्ही लॅपटॉप ‘५जी’ला जोडला. झालं ना सोपं? तर नाही झालं! आतल्या खोलीत तो जेमतेम तग धरत होता. आठवा, ताशा भिंतीत अडतो. राउटर कुठं होता? हॉलच्या कोपऱ्यात, शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागं. तिथून आतल्या खोलीपर्यंत वाटेत टीव्ही, किचनची भिंत, फ्रिज, मग खोलीची भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट. पत्रा म्हणजे लहरींचा पक्का शत्रू. त्यातून त्या पार होत नाहीत, परत फिरतात. आरशालाही मागं धातूचा मुलामा असतो. पाण्याची टाकी, माशांची मोठी पेटी, यांतही लहरी जिरतात. राउटर ‘दिसायला वाईट दिसतो’ म्हणून शोकेसमध्ये कोंडणं म्हणजे दिवा लावून त्यावर टोपली घालणं!

इथं आम्ही मोजमाप केलं, आणि हाच आजचा तुमचा प्रयोग आहे. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारी ॲप्स मिळतात. ताकद डीबीएम नावाच्या मापात दिसते आणि आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० च्या खाली गेलं की कुरबुर सुरू, उणे ८० म्हणजे आता गेलंच. गंमत अशी की या मापात दर १० चा फरक म्हणजे दहापट. आतल्या खोलीत ताशाचा आकडा होता उणे ७९. मग भिंतीवरची फायबरची डबी तिथंच ठेवून लांब केबल लावली आणि राउटर पॅसेजमध्ये, माळ्याच्या कडेला, उंचावर उघडा ठेवला. अँटेना सरळ उभे केले. पुन्हा मोजलं, उणे ५९. फरक २०, म्हणजे दहा गुणिले दहा. शंभरपट ताकद, आणि खर्च एका केबलचा!

सोमवारी क्लास झकास झाला. मंगळवारीही. बुधवारी पुन्हा ताईचा फोन, “अरे, परत तुटतंय!”

गुप्तहेरानं लॅपटॉप पाहिला आणि म्हणाला, “हा परत बोळात गेलाय.” झालं काय, तर ताईनं दुपारी लॅपटॉप बाल्कनीत नेला होता. तिथं ताशा ऐकू येईना, म्हणून लॅपटॉप आपण होऊन ढोलाला चिकटला. खोलीत परतल्यावर मात्र तो परतला नाही. राउटर यंत्रांना पट्टे वाटून देतो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कुठल्या पट्ट्याला जोडायचं हे शेवटी ते यंत्र स्वतः ठरवतं. काही फोन हुशार असतात, काही एकदा धरलं की सोडत नाहीत, गोचिडासारखे. राउटर फार तर आग्रह करू शकतो.

या आग्रहाची सोय पुष्कळ राउटरमध्ये असते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव द्यायचं. मग एखादं चांगलं यंत्र बोळाच्या दारावर टकटक करू लागलं की राउटर मुद्दाम उशिरा उत्तर देतो, म्हणजे ते रुंद रस्त्याकडे वळावं. आम्ही तेही करून पाहिलं. फोनांसाठी छान चाललं, हातात घेऊन घरभर हिंडा, फोन आपोआप बदलतो. पण दारावरचा छोटा कॅमेरा रुसला. असले कॅमेरे, वाय-फायचे बल्ब आणि प्लग, बहुतेक फक्त २.४ च जाणतात. आमचा कॅमेरा फोनवरून नव्यानं जोडायला गेलो, तर फोन ताशावर आणि कॅमेरा ढोलावर, दोघांची भेटच होईना. आणि लॅपटॉप तरीही अधूनमधून बोळात शिरायचाच.

म्हणून आम्ही पुन्हा दोन नावं ठेवली, पण ‘५जी’ काढून टाकलं. आता एकाचं नाव ‘ढोल’ आणि दुसऱ्याचं ‘ताशा’! लॅपटॉपला ‘ढोल’ विसरायला लावलं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क विसरण्याचा पर्याय असतो. विसरलं की पासवर्ड दिल्याशिवाय यंत्र तिकडे जाऊच शकत नाही. लॅपटॉप, टॅब आणि दाजींचा ऑफिसचा फोन ताशावर. कॅमेरा आणि आजींचा फोन ढोलावर. आजी बाल्कनीत बसून आत्याशी बोलतात आणि तिथं ढोलच पोहोचतो. टीव्ही जागचा हलत नाही, म्हणून त्याला सरळ केबल लावली. ज्याला तार लावता येते त्याला हवेत बोलायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्यापुरतं विचाराल तर लहान घरात, ठरलेल्या जागी बसून काम करणाऱ्यांना दोन नावं बरी. घर मोठं असेल आणि सगळे फोन घेऊन फिरणारे असतील, तर एकच नाव ठेवा.

एक काम राहिलं होतं, चॅनेलचं. ढोलाच्या बोळात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल असतात. पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २०. म्हणजे शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांच्या अंगावर पडतात. अजिबात न भिडणारे घ्यायचे तर १, ६ आणि ११. ॲपमध्ये पाहिलं तर इमारतीतली चौदा नेटवर्कं दिसत होती. आठ जण ६ वर, दोन ११ वर, तीन १ वर, आणि एक शहाणे ३ वर, जे १ ला आणि ६ ला दोघांनाही त्रास देत होते. ते शहाणे कोण? आम्हीच! कुणीतरी कधीतरी ‘मोकळा दिसतोय’ म्हणून ३ निवडला होता. तो ११ केला आणि रुंदी २० वर ठेवली. कित्येक राउटरमध्ये ४० चा पर्याय असतो, पण इमारतीच्या गर्दीत तो घेऊ नये. ताशावर ३६ ते ४८ पैकी एक घेतला. त्याच्यापुढच्या काही चॅनेलांच्या जागेत हवामानाची रडारही काम करतात, म्हणून पुष्कळ राउटर तिथं आधी कान देऊन ऐकतात आणि रडार जाणवलं की चॅनेल सोडून जातात. क्लासच्या मधेच राउटर असा निघून गेला तर पंचाईत!

आता तुमचा प्रयोग. घराचा नकाशा काढा, चौकटीच्या वहीवर. भिंती, लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, मायक्रोवेव्ह दाखवा. प्रत्येक खोलीत ढोलाचा आणि ताशाचा आकडा मोजून लाल आणि निळ्या पेनानं लिहा. मग राउटर एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा मोजा. आई-बाबांना विचारल्याशिवाय राउटरच्या सेटिंगला हात लावू नका, आणि काहीही बदलण्याआधी जुनं काय होतं ते लिहून ठेवा. राउटरच्या पानाचा पासवर्ड अजून चिकटपट्टीवरचाच असेल तर तोही बाबांना बदलायला सांगा. ज्यांच्याकडे वाय-फाय नाही त्यांनी ढोलाचा प्रयोग करावा : घरात रेडिओवर गाणं लावून दार बंद करायचं आणि बाहेरून कोणतं वाद्य ऐकू येतं ते लिहायचं. तोही तितकाच खरा प्रयोग आहे.

ताईचा क्लास आता नीट चालतो. गेलेली मुलगी परत आली नाही, तिनं तोवर दुसरीकडे फी भरली होती. दुसऱ्या घरचा मुलगा मात्र टिकला. टॅब कपाटातून बाहेर आला. मी गुप्तहेराला भेळ देऊन माफी मागितली. दाजींनी माफी मागितली नाही, पण वहीला कव्हर घालून दिलं, खाकी, वर नावाची चिठ्ठी चिकटवून. नव्या गेम आता रात्री नऊनंतर उतरतात, हे कलम त्यानं स्वतःच घातलंय.

लॅपटॉप ताशावर गेल्यापासून मायक्रोवेव्हचा त्याला काही उपद्रव होत नाही. आम्ही पिंग लावून आजींना आकडे दाखवले, ५, ४, ५, ५. आजींनी चष्मा लावून ते नीट पाहिले. तरी क्लास चालू असताना त्या दूध गॅसवरच तापवतात. म्हणतात, “असू दे रे. साय चांगली येते.”